घरी वाचून या

गेल्या अंकात रात्रीच्या मोबाईलबद्दल मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. त्यावर या महिन्यात १४ पत्रं आली. एरवी चार-पाच येतात. बरीचशी ई-मेलनं आलेली, तीन हातानं लिहिलेली. विषय सगळ्यांचा एकच, पण तो शब्द लिहायला बहुतेकांचा हात धजलेला नाही. कुणी ‘तसले व्हिडिओ’ म्हणतं, कुणी ‘घाण’, कुणी नुसतीच टिंबं टिंबं देतं. मी इथे ‘पॉर्न’ हाच शब्द वापरणार आहे, कारण तुमची मुलं तोच वापरतात. पाच पत्रं घेतली आहेत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मॅडम, मोबाईलवर लिहायची भीती वाटते म्हणून कागदावर लिहितोय. इन्स्टाग्रामवर एका मुलीची रिक्वेस्ट आली. दोन दिवस चॅटिंग झालं, मग व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल आला. तिनं सांगितलं तसं मी केलं. पाच मिनिटांत माझाच व्हिडिओ मला आला. ५ हजार मागितले, दिले. आता २० हजार मागतात. दुसऱ्या नंबरवरून ‘दिल्ली क्राइम ब्रँच’चा माणूस धमकावतो. त्यांनी पाठवलेल्या यादीत पप्पांचं आणि मामाचं नाव आहे. रविवारी रात्री पुलावर बराच वेळ उभा होतो. — वय १९, सातपूर

पुलावरून तू घरी परत आलास, हे मी आधी वाचलं. बाकीचं नंतर वाचलं.

तू पत्ता दिलेला नाहीस, म्हणून छापूनच उत्तर द्यावं लागतंय, आणि अंक हातात पडेपर्यंत आणखी दिवस जाणार याचा मला घोर लागलाय. पुन्हा तसा विचार मनात आला तर त्याच क्षणी १४४१६ लाव. टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात, मराठीत बोलतात.

आता त्या कॉलबद्दल. पलीकडे बहुतेक वेळा मुलगी नसतेच. आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप कॅमेऱ्यासमोर लावलेली असते. हा काही लोकांचा रोजचा धंदा आहे, आणि तुझ्यासारखे अनेक जण एकाच वेळी त्यांच्या गळाला असतात. तो ‘क्राइम ब्रँच’वालाही त्यांच्यातलाच. पोलीस फोनवरून पैसे मागत नाहीत. तू ५ हजार दिलेस, त्यातून त्यांना एवढंच कळलं की हा देतो. म्हणून आता एक रुपयाही देऊ नकोस.

चॅट पुसू नकोस. स्क्रीनशॉट काढ, त्यांचे नंबर, प्रोफाइलची लिंक, यूपीआयचा व्यवहार क्रमांक लिहून ठेव. मग ब्लॉक कर आणि तुझं इन्स्टा खातं खासगी कर. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही नोंदवता येते. आपल्या नाशिक शहरात वेगळं सायबर पोलीस ठाणं आहे. तिथे जाताना एक लक्षात ठेव, तू आरोपी म्हणून जात नाहीयेस, तक्रारदार म्हणून जातोयस. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही साइटही वापर. तुझ्या व्हिडिओचा एक डिजिटल ठसा तुझ्याच फोनवर तयार होतो, व्हिडिओ फोनबाहेर जात नाही, आणि तो ठसा जुळला की इन्स्टाग्राम-फेसबुकसारख्या तिथल्या सहभागी कंपन्यांना तो अडवता येतो. तुझं वय १८ पूर्ण आहे म्हणून ही साइट. त्याखालच्यांसाठी ‘टेक इट डाउन’ आहे.

आणि मामाला सांग. त्या लोकांकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. “मामा, मी फसलोय, मला ओरड पण आधी माझ्यासोबत पोलिसांत चल,” एवढं एक वाक्य पुरे आहे. कागदाच्या तळाशी तू नाव लिहून गिरगटून टाकलं आहेस. ते वाचायचा मी प्रयत्न केलेला नाही.

मुलगा आठवीत आहे. लॉकडाऊनच्या शाळेसाठी घेतलेला फोन त्याच्याकडेच राहिला. परवा क्लासच्या मुलांच्या ग्रुपवर आलेला घाणेरडा व्हिडिओ त्यात दिसला. आमच्याकडे द्राक्षांच्या छाटणीची घाई, ह्यांचं डोकं आधीच फिरलेलं. पट्ट्यानं मारलं, फोन ओट्यावर आपटून फोडला. आता मुलगा आमच्यासमोर ताटावरही बसत नाही. तो व्हिडिओ मी ग्रुपमधल्या दोन मुलांच्या आयांना पाठवला, त्यांनाही कळावं म्हणून. माझा मुलगा वाया गेला का? — एक आई, पिंपळगाव बसवंत

ताई, मुलाचं सांगते, पण आधी तो पुढे पाठवलेला व्हिडिओ. तुमचा हेतू चांगला होता हे मला कळतं. तरी आत्ताच त्या दोघींना फोन करून तो पुसायला सांगा, तुमच्याकडचाही पुसा. अश्लील चित्रण पुढे पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. त्यात दिसणारी व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर नुसतं फोनमध्ये साठवणं आणि बघणंही गुन्ह्यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. तसा संशय असला तर व्हिडिओ कुणालाच न दाखवता ज्या नंबरवरून आला तो टिपून घ्या आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करा.

मुलगा वाया गेलेला नाही. तेरा वर्षांचा आहे. या वयात शरीराबद्दल कुतूहल वाटलं नसतं तर मी काळजी केली असती. आणि पाहा, तो शोधायला गेला नव्हता, ग्रुपवर आयतं समोर आलं. माझ्याकडे समुपदेशनाला येणारी या वयाची मुलं सांगतात की पहिल्यांदा बघताना भीती वाटली, मळमळलं, आणि तरी शरीरात काहीतरी झालं. या दोन गोष्टी एकदम घडतात तेव्हा मूल स्वतःलाच घाणेरडं ठरवून टाकतं. वर पट्टा बसला की ते पक्कं होतं.

एक प्रश्न मात्र चुकवू नका. हा व्हिडिओ कुणा मोठ्या माणसानं दाखवला किंवा पाठवला होता का? शिकवणीवाला, नात्यातला, बसमधला कुणी? दाखवताना अंगाला हात लावला का? उत्तर ‘हो’ आलं तर त्याला “तुझी चूक नाही” म्हणा आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करा. मग तो पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा विषय होतो.

बोलायचं कसं, तर समोरासमोर बसवून नको. त्याला मेथी निवडायला बसवा, किंवा गाडीवर मागे बसवून बाजारला घेऊन जा. डोळ्याला डोळा द्यावा लागला नाही की मुलं बोलतात. मी आयांना शब्दसुद्धा सांगते, ते इथेही देते: “मी ते पाहिलंय. तुझ्या वयात असं बघावंसं वाटतं, त्यात तू वाईट ठरत नाहीस. पण ते खरं नसतं, पैसे घेऊन केलेलं काम असतं. त्यात कुणी कुणाला विचारत नाही, कुणाला दुखलं तरी थांबत नाहीत. खऱ्या माणसांत असं चालत नाही. तुला काही विचारायचं असलं तर मला विचार. कुणी तुझा फोटो मागितला तर आधी माझ्याकडे ये, मी ओरडणार नाही.” पहिल्या वेळी तो “बरं” म्हणून उठून जाईल. जाऊ द्या. आठ दिवसांनी पुन्हा मेथी आणा.

पट्ट्याबद्दल वडिलांनी माफी मागायला हवी. तुम्ही नाही, त्यांनी. द्राक्षबागेत चुकीची काडी छाटली गेली तर माणूस दिवसभर हळहळतो. ही हळहळ मुलाला दिसू दे.

नवीन फोन घ्याल तेव्हा तो रात्री हॉलमध्ये चार्जिंगला राहील, तुमचे दोघांचेही तिथेच. मुलाच्या फोनवर लक्ष ठेवणारं ‘फॅमिली लिंक’ अॅप टाका, पण त्यावर विसंबू नका. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्रानं ८२७ साइट बंद करायला लावल्या. त्यांतल्या मोठ्या साइट थोड्याच दिवसांत नवा पत्ता घेऊन हजर झाल्या, आणि बंद साइट उघडून देणारं व्हीपीएन कसं लावायचं हे आठवीतल्या पोरांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. शिवाय मित्राचा फोन आहेच. सरकारी दवाखान्यांत किशोरवयीन मुलांसाठी ‘मैत्री’ क्लिनिक असतं, १० ते १९ वयासाठी. घरी बोलणं अवघड वाटलं तर तिथे घेऊन जा.

आपले सदर आमच्या घरी सुना-नातवंडे वाचतात. असले प्रश्न छापणे शोभत नाही. आमच्या वेळी शिक्षक संस्कार करीत, त्यामुळे ही वेळ येत नसे. — एक ज्येष्ठ वाचक, पंचवटी

काका, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी दोन दिवस अडून राहिले, कारण मी स्वतः २६ वर्षं शिक्षिका होते. विज्ञान शिकवायचे. दहावीला प्रजननाचा धडा येतो. फळ्यावर फुलाचा उभा छेद मी मन लावून काढायचे, पुंकेसर, स्त्रीकेसर, रंगीत खडूनं. फूल संपून माणसाचं पान आलं की पुस्तक मिटायचे आणि म्हणायचे, “हा भाग सोपा आहे, घरी वाचून या.” मागच्या बाकांवर खसखस पिकायची, मुली वहीत डोकं खुपसायच्या, आणि घंटा व्हायची. एक-दोन वर्षं नाही काका, कितीतरी वर्षं मी हे केलं. मुलांनी घरी वाचलं नाही. त्या काळातल्यांनी पिवळ्या पुस्तकांतून वाचलं, पुढच्यांनी भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिलं, आणि २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर खिशातच पाहिलं. मी मिटलेल्या पानाची जागा रिकामी राहिली नाही. सरकारनंही वेगळं काही केलं नाही. २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्रही होता.

आणि छापण्याबद्दल. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढत होते. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. आंबेडकर, ज्यांनी तुमच्याच पंचवटीत चार वर्षं आधी काळारामाच्या दारात सत्याग्रह केला होता. खटला ते हरले. आज नव्वद वर्षांनी मला त्या उत्तरांसाठी कुणी कोर्टात खेचत नाही, ते त्या दोघांमुळे. तुमच्या नातवंडांनी हे सदर तुमच्यासमोर उघडपणे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

मूळ गाव सुरगाणा तालुक्यात, म्हसरूळला तिघांत खोली. पोलीस भरतीची तयारी करतो. अभ्यासिकेतून रात्री अकराला येतो आणि मग दोन-अडीचपर्यंत पॉर्न. सतरा वर्षांचा असल्यापासून. ‘नव्वद दिवस’चं चॅलेंज तीनदा केलं, जास्तीत जास्त २३ दिवस टिकलो. तुटलं त्या रात्री तर पहाट झाली. यूट्यूबवर सांगतात की वीर्याचा एक थेंब शंभर थेंब रक्तापासून होतो. १६०० मीटरला मला दम लागतो तो यामुळेच का? अभ्यासिकेत समोर एक मुलगी बसते. ती नोट्सबद्दल बोलते तेव्हाही डोक्यात तेच येतं. स्वतःची किळस येते. — वय २२

रक्ताचं आधी संपवते. ते खोटं आहे. वीर्याचा बहुतेक भाग दोन ग्रंथींतला द्राव असतो, शुक्रपेशी शरीर रोज नव्यानं बनवतं, रक्त त्यात खर्ची पडत नाही. हस्तमैथुनानं अशक्तपणा येत नाही, केस गळत नाहीत, गुडघे वाजत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी पुरुषांना ‘धातू जातो’ या धास्तीनंच खरोखरीचा थकवा येतो. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० मध्ये या दुखण्याला ‘धात सिंड्रोम’ असं नावच दिलं. तुझा दम अपुऱ्या झोपेमुळे लागतो. अडीचला झोपून पाचला ग्राउंडवर जाणारा कुणीही सोळाशेला मागेच पडेल.

आता रात्रीच्या त्या तीन-साडेतीन तासांबद्दल. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. मिळालेल्या सुखापेक्षा ‘पुढे काहीतरी मिळणार’ या आशेवर ते जास्त उसळतं, आणि नवीन दिसलं की पुन्हा. पिवळं पुस्तक शेवटच्या पानाला संपायचं. अंगठ्यानं वर सरकवायच्या स्क्रीनला शेवटचं पान नाही. तुझी इच्छाशक्ती कमी आहे म्हणून तू हरत नाहीस, थांबायची जागाच त्या गोष्टीत ठेवलेली नाही म्हणून हरतोस. ती तुला बाहेरून आणावी लागेल.

मेन रोडवरून एक गजराचं घड्याळ आण, म्हणजे ‘गजरासाठी’ फोन उशाशी लागणार नाही. फोन रात्री अंथरुणापासून लांबच्या बोर्डाला लाव. ती रात्र ज्या दिवशी आली त्या दिवशी आधी काय झालं होतं ते वहीत लिही. माझा अंदाज आहे की सराव परीक्षेत मार्क पडले असतील किंवा घरून पैशाचा फोन आला असेल. आणि नव्वद दिवसांचं चॅलेंज सोडून दे. मला ते मनापासून आवडत नाही. चोविसाव्या दिवशी एकदा पाहिलंस आणि २३ दिवस शून्य झाले असं तुला वाटलं, मग ‘आता काय, गेलंच’ म्हणून पहाट केलीस. ते २३ दिवस गेले नाहीत. तेवढ्या रात्री तू झोपलास.

व्यसन आहे का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून ‘अनिवार लैंगिक वर्तन’ अशी नोंद आहे. प्रयत्न करूनही आवरत नाही, सहा-सहा महिने हेच चालतं, तब्येत-काम-नाती मागे पडतात, असं असेल तर ती लागू होते. पण त्याच नोंदीत हेही आहे की केवळ ‘हे पाप आहे’ म्हणून वाटणारी टोचणी हा आजार नव्हे. तुझ्यात दोन्ही थोडं थोडं आहे. झोप आणि तयारी बुडते आहे, म्हणून त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत एकदा जा. केसपेपर काढ, सर्दी-तापासाठी काढतोस तसाच.

समोरच्या मुलीबद्दल तू जे लिहिलंस ते मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं. या सगळ्यात शरीर बिघडत नाही. नजर बिघडते. माणसाचे तुकडे करून बघायची सवय लागते. डोक्यात विचार येणं तुझ्या हातात नाही, म्हणून त्यासाठी स्वतःला झोडपू नकोस. पण ती काय बोलते ते ऐकणं तुझ्या हातात आहे. तिला विचार, सामान्य ज्ञानाला कुठलं पुस्तक वापरतेस, घरचे काय म्हणतात भरतीबद्दल, ग्राउंडला सकाळी एकटीच येतेस का. उत्तरं ऐक. ती कुणाची तरी कोण म्हणून नाही, ती स्वतः कोण आहे म्हणून.

अजून एक सांगते, थोडं कठोर आहे. तू पाहतोस त्यात ‘देसी’, ‘लीक’, ‘हिडन कॅमेरा’ असलं काही असेलच. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी यायची. कोविडचे निर्बंध उठून वर्ष झालं होतं तरी ती मास्क काढत नसे. चहा दिला तर मास्क खालून थोडासा उचलून प्यायची, आणि प्रत्येक घोटानंतर नाकापर्यंत पुन्हा ओढायची. पहिल्या चार भेटींत मी तिचा चेहरा पाहिलाच नाही. ज्याच्यावर विश्वास होता त्यानं तिच्या नकळत रेकॉर्ड करून अपलोड केलं होतं. खाली तिच्या गावाचं नावही चुकीचं टाकलं होतं. सिटीलिंकच्या बसमध्ये एखादा मुलगा फोनमध्ये बघून हसला की ती पुढच्या थांब्याला उतरायची, कारण कोण काय बघून हसतोय ते तिला कळायला मार्ग नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये जगातल्या एका सगळ्यात मोठ्या पॉर्न साइटनं लाखो व्हिडिओ एकदम काढून टाकले, कारण ते कुणी टाकले, त्यातल्या माणसांची संमती होती का, हे ती कंपनीच सांगू शकत नव्हती. तोवर ते व्हिडिओ सगळ्यांनी पाहून झाले होते. असा व्हिडिओ समोर आला तर बंद कर आणि रिपोर्ट कर. बाकी सगळं हळूहळू कमी केलंस तरी चालेल. हे मात्र आजपासून.

लग्नाला आठ महिने झाले. अरेंज मॅरेज. नवरा स्वभावानं चांगला आहे, अंबडला कंपनीत शिफ्टला जातो. पण खोलीत फोन लावतो आणि तसंच कर म्हणतो. दुखतं म्हटलं तर “त्या बायकांना कसं चालतं?” म्हणतो. एकदा गळ्यावर हात दाबला, मी घाबरले तर हसला, म्हणाला यात मजा असते. आईला अर्धवट सांगितलं तर म्हणाली सांभाळून घे. माझ्यात काही कमी आहे का? — वय २४, नाशिक रोड

नाही. तुझ्यात काहीही कमी नाही.

गळ्यावरचा हात ही यात सगळ्यांत गंभीर गोष्ट आहे. मेंदूचं रक्त थांबायला काही सेकंद पुरतात, आणि गळा दाबण्याची सुरक्षित अशी कुठलीच पद्धत नाही. त्याला हे भांडणाच्या किंवा जवळिकीच्या वेळी नको, जेवण झाल्यावर, दिवा चालू असताना सांग: “माझ्या गळ्याला पुन्हा हात लावायचा नाही.” त्यावर चर्चा नाही. तरीही केलंच तर त्या रात्री माहेरी किंवा मैत्रिणीकडे जा आणि १८१ या महिला हेल्पलाइनला फोन कर. घरगुती हिंसाचारापासून संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळही धरलेला आहे.

दुखण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. दुखणं सोसायचं नसतं. कधी संसर्ग असतो, कधी कोरडेपणा, आणि फार वेळा भीतीनं स्नायू आवळले जातात. तिन्हीवर उपाय आहेत. डॉक्टरांनी विचारलं नाही तर तूच सांग, “संबंधांच्या वेळी दुखतं.”

‘त्या बायकांना’ कसं चालतं, याचं उत्तर त्याला दे. त्या कामावर असतात. दहा मिनिटांचा व्हिडिओ कित्येक तास चित्रित होतो, दुखलेलं, थांबलेलं, कंटाळलेलं सगळं कापलं जातं, पुरुष औषधं घेऊन उभा असतो. तो अंबडला ज्या मशीनवर काम करतो तिथला जाहिरातीचा व्हिडिओ आणि रात्रपाळीची खरी शिफ्ट यात किती फरक असतो, ते त्याला माहीत आहे. त्यालाही कुणी काही शिकवलेलं नाही. तो तुझ्याइतकाच अडाणी आहे, फक्त त्याला वाटतं की आपण पाहिलंय म्हणजे आपल्याला येतं. हे मी त्याची बाजू घ्यायला लिहीत नाही. तू म्हणतेस तसा तो खरंच चांगला असेल तर एवढं ऐकून तो फोन बाजूला ठेवील. नाही ठेवला तर तुला त्याच्याबद्दल काहीतरी कळलेलं असेल, आणि ते मनाशी लपवू नकोस.

खोलीत फोन नाही, ही तुझी अट असू दे. ‘नाही’ म्हणायला कारण द्यायची गरज नाही, आणि मध्येच थांब म्हटलं की थांबायचं, हेही त्याच वेळी बोलून घे. आईवर रागावू नकोस. तिला हे शब्द कुणी दिलेच नव्हते.

समुपदेशनाला त्याला यायचं असेल तर दोघं या. नसेल यायचं, तर तू एकटी ये, पण आधी डॉक्टरांकडे जाऊन ये.